डावीकडे दोन आटे

सेनगाव (ता. हिंगोली, जि. परभणी)
रविवार, १४ ऑक्टोबर १९७३

चि. जळबास, सोनाजीमामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

मुंबई सोडून चार महिने झाले, तरी सकाळी डोळा उघडला की मी आधी वारा कुठून आहे ते बघतो. इथं बघायला झेंडा नाही, डोलकाठी नाही. शेजारच्या मिराबाईच्या चुलीचा धूर बघतो. धूर आज ईशान्येकडून येत होता. मनात म्हटलं, बंदरावर आता हंगाम उघडला असेल, होड्या क्लबाच्या शेडीतून पाण्यात उतरत असतील, आणि माझा भाचा आपल्या टिटवी होडीच्या काठीखाली उभा राहून मान वर करून बघत असेल.

पद्मीच्या घरी माझं बरं चाललंय. लेकीच्या घरी बापानं काही काम करू नये म्हणतात, पण परवा तिची धुण्याची तार सैल झाली होती ती मी ओढून दिली. लिंबाच्या झाडापासून भिंतीच्या खुंटीपर्यंत. ओढल्यावर सवयीनं अंगठ्यानं छेडली आणि ओळ म्हटली.

कुणी ताणिला दोर आभाळवेरी
कुणाची उभी काठि हाले किनारी

मिराबाई कुंपणावरून म्हणते, "काहून सोनाजीबा, धुण्याला बी कविता लागती व्हय?" मी म्हटलं, "बाई, ओळ संपेपर्यंत तार थरथरली तर ताण हलक्या वाऱ्याचा. अर्ध्या ओळीत थांबली तर वादळाचा." ती म्हणे, "मग माझ्या लुगड्याला कोणता वारा लावून राहिले?" पद्मी हसून हसून खाली बसली.

ओळ ग्यानबा गुरुजींची, हे तुला माहीत आहे. निजामाच्या राज्यातली शाळा. मी बाहेर ओट्यावर, बाकीची पोरं आत. पुस्तक माझ्या हातात कुणी दिलं नाही, पण गुरुजी स्वतः रचलेल्या कविता म्हणायचे तेव्हा मुद्दाम दाराकडे तोंड करून म्हणायचे. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिला. पण ती काठी मला तेव्हाच दिसली होती. पुढं एकतीस वर्षं होडीच्या तारा मी त्या ओळीवर ताणल्या. साहेबलोक घड्याळं आणि काटे लावायचे, मी ओळ म्हणायचो. ती तुला दिली. तिसऱ्या कुणाला दिली नाही.

आता कामाचं. रामसिंग साहेबांचा हा शेवटचा हंगाम. सत्तरी ओलांडली, यंदानंतर टिटवी विकणार म्हणून त्यांनी मला निघताना सांगितलं. सहा वेळा आपण फेब्रुवारीच्या चषकाला दुसरे आलो, जळबा. तो चषक मी फक्त काचेच्या कपाटातून पाहिलाय. एकदा, एकदाच, टिटवी पहिली येऊ दे, मग डोळे मिटले तरी चालेल.

जुनीच गोष्ट पुन्हा सांगतो, म्हाताऱ्याला सवय असते. टिटवीच्या डाव्या तारेच्या पेचाला उजव्यापेक्षा दोन आटे जास्त लागतात. एकसष्टच्या धडकेत काठीचा पाया अर्धं बोट उजवीकडे सरकला, तो सरकलाच. तुझ्या बापाच्या मोडक्या वखराच्या लाकडाची पाचर मी तिथं ठोकली होती, म्हणून निदान पुढं सरकला नाही. दोन्हीकडे सारखे आटे दिलेस तर काठीचा शेंडा उजवीकडे पडेल आणि डाव्या अंगानं होडी लंगडी चालेल. मी निघताना पेचांना लाल सूत बांधून ठेवलंय, ती माझी खूण.

आणि शेडीचा कायदा. एका हंगामात एकच काठी. निरोपाच्या दिवशी टिटवीच्या काठीला हात लावून तू म्हणालास, "मामा, दुसरीला हात लावणार न्हाई." त्या शाहीन होडीचा शेठ तुला बोलावील. त्याची होडी नवी, काठी अ‍ॅल्युमिनियमची, पोकळ. बोलावलं तर हसून नमस्कार कर आणि आपल्या काठीपाशी ये.

तुझी आई कनेरगाव नाक्याहून एस.टी.नं आली होती. तुझं जुनंच पत्र मला परत वाचायला लावलं. तिला पाठ आहे, तरी ऐकते.

तुझा मामा,
सोनाजी


मुंबई
ता. २ नोव्हेंबर ७३

ती. मामास, सविनय जयभीम.

पत्र पोचलं. मी खुशाल हाय. तुमच्या सुनेला सातवा महिना हाय, आईला सांगा. खोली तीच, वरच्या मजल्यावरची, नळ खाली. तिला पाणी घेऊन जिने चढायची तकलीफ होते, पण काय करणार.

मामा, काळजी करू नका, काठीकडं माझं पुरं ध्यान हाय. पण यंदा साहेबांनी शिडं नवी आणली, तारा बी नव्या. त्याच्यामुळं जुने आटे कामाचे राहिले न्हाईत, सगळं पयल्यापासून बसवून राहिलो. वारा नाकावर घेऊन चाललं की होडी जड पडती. सुकाणू हातात ओढतंय, सोडलं की होडी वाऱ्याकडं तोंड करून उभी राहती. ओळंबा सोडून बघितला, काठीच्या पायापासून मागं एक वीत चार बोटं पडतो. तुमी असता तर एका नजरंत सांगितलं असतं. लवकर लिवा. शर्यत येऊन राहिली.

तुमची ओळ रोज म्हणतो.

आपला,
जळबा


सेनगाव
११ नोव्हेंबर १९७३

चि. जळबास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि मी साठीतून एकदम चाळिशीत गेलो. पद्मी म्हणाली, बाबा, काय लॉटरी लागली का?

सुकाणू ओढतं म्हणजे काठी मागं फार कललेली आहे. जुन्या शिडाला एक वीत चार बोटं ठीक होती, कारण ते शीड म्हाताऱ्याच्या गालासारखं बसकं झालं होतं. नवं शीड भरदार असतं, त्याचा जोर मागं पडतो. पुढची तार आवळ, मागची सोड. ओळंबा एक वीत एका बोटावर आण. सुकाणू दोन बोटांत धरता आलं पाहिजे, जशी गुरुजी खडूची कांडी धरायचे. पण अगदीच निर्जीव होऊ देऊ नकोस. हातात काहीच ओढ लागली नाही तर होडी झोपली समज.

हलक्या वाऱ्यात बाजूच्या तारा पूर्ण ओळीवर ठेव. शीड भरलं की वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची तार जराशी लोंबली पाहिजे. गळ्यातल्या दोऱ्यासारखी. झोक्यासारखी लोंबली तर सैल झाली.

पुढच्या शिडावर लोकरीचे धागे चिकटवायला विसरू नकोस. आतला आणि बाहेरचा धागा जोडीनं मागं वाहिले तर शीड खूष. वरचा धागा आधी फडफडला तर दोराची कप्पी पुढं सरकव, खालचा आधी फडफडला तर मागं.

हे लिहिताना माझं मन कुठं आहे सांगू? काल जावईबापूंबरोबर येलदरीला गेलो होतो. गेल्या साली दुष्काळात धरणाच्या पोटात भेगा पडल्या होत्या. यंदा पाणी परत चढलंय. काठावर एक बाभूळ अर्धी बुडून उभी होती, पाण्यात तिची सावली हलत होती. मी जावईबापूंना म्हटलं, इथं टिटवी आणली तर? साहेबांना विकायचीच आहे. ट्रकवर टाकायची, फाट्यावरून वळवायची, बुडाखालचा शिशाचा कणा वेगळा आणायचा. ते म्हणाले, "मामंजी, इथं मासे धरणाऱ्यांच्या टायरच्या ट्यूबा चालतात." मी म्हटलं, चालू द्या, टिटवी त्यांच्यामधून जाईल. म्हाताऱ्याचं स्वप्न ऐकून घेणारा जावई मिळाला हेच पुष्कळ.

सूनबाईला वजन उचलू देऊ नकोस. तू भर पाणी.

मामा


मुंबई
ता. ९ डिसेंबर

ती. मामास जयभीम.

मामा, पयले आलो! डिसेंबरच्या दोन्ही शर्यतीत पयले. तुमी लिवलं तसं एक वीत एका बोटावर आणलं आन होडी अशी निघाली की मागचे लोक बघतच राहिले. सुकाणू दोन बोटांत. धागे दोन्ही जोडीनं. शेडीत लोक इचारून राहिले, जळबा, कुठून शिकला? मी म्हटलं, माझ्या मामाकडून.

आता तारा बी नीट बसल्या. पेच दोन्हीकडं सारखे, अकरा अकरा आटे, काठी शेंड्याला बराबर मधोमध. फक्त मधी काठी जास्त वाकती, धनुष्यावानी पुढं जाती. आन छेडली की तार ओळ संपली तरी थांबत न्हाई, दुसऱ्या ओळीतल्या 'कुणाची' पर्यंत थरथरती. हे चालंल का?

आईला सांगा, तिचा जळबा पयला आला.

जळबा


सेनगाव
१८ डिसेंबर १९७३

चि. जळबास आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी मी आख्ख्या गल्लीत गूळ वाटला. मिराबाई म्हणाली, "नातू झाला का?" मी म्हटलं, त्याहून मोठं, होडी पहिली आली. तिनं गूळ खाल्ला आणि कपाळाला हात लावला. तुझ्या आईनं पत्र तीन वेळा ऐकलं. 'माझ्या मामाकडून' हे शब्द आले की माझ्याकडे बघायची आणि पदरानं डोळे टिपायची.

ती गेल्यावर मी पत्र परत वाचलं. अकरा अकरा? तू घाईत लिहिलं असशील. टिटवीला सारखे आटे बसतच नाहीत. शेंडा मधोमध म्हणतोस, मग पाया सरळ केल्याशिवाय हे होत नाही. साहेबांनी पाया सरळ करून घेतला का? घेतला असेल तर उत्तमच झालं, बारा वर्षांचं दुखणं गेलं.

पण मग खालची पाचर निघाली असेल. ती टाकून देऊ नकोस, मला पाठव. तुझ्या बापाच्या वखराचं लाकूड आहे. तुझी आई ती देव्हाऱ्याच्या जागी, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवील म्हणते.

तार ओळ संपल्यावरही थरथरते याचा मी विचार करतोय. सागाची काठी तारेचं थरथरणं पिऊन टाकते. असं व्हायला नको.

मामा


मुंबई
ता. ६ जानेवारी १९७४

ती. मामास जयभीम. सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

मुलगा झाला. आईला सांगा. दोघं बरे हाईत.

मामा, तुमी बराबर वळखलं. साहेबांनी सुतार लावून पाया सरळ करून घेतला, दिवाळीच्या आधी. मी लिवायचं इसरलो. पाचर सोबतच्या पार्सलात घालून पाठवून राहिलो, आईला द्या.

आता मोठं काम. चषक १७ फेब्रुवारीला हाय. म्हणतात त्या दिवशी वारा जोराचा राहील. जोराच्या वाऱ्याचं मला तुमच्यावानी येत न्हाई. काठी मधी वाकती म्हणून लिवलं होतं, ती जोरात आणखी वाकंल. मागची तार किती ओढायची? खालच्या तारा आधी का वरच्या? सगळं ओळीसकट लिवा. ही एकच शर्यत मामा, याच्यावर माझं सगळं हाय.

आपला,
जळबा


सेनगाव
२४ जानेवारी १९७४

चि. जळबास,

बाळाला आणि सूनबाईला आशीर्वाद. हे आधी लिहितो, कारण खाली जे आहे त्यात त्या दोघांचा काही दोष नाही.

पार्सल मी तुझ्या आईसमोर उघडलं नाही. ती नाक्यावर होती हे बरं झालं. पाचर हातात घेतली. हलकी लागली. वास घेतला. सागाची आहे, जळबा. ताज्या रंध्याची. कडेला पेन्सिलची रेघसुद्धा पुसलेली नाही.

तुझा बाप ज्या वखराच्या मागं चालून मेला ते वखर बाभळीचं होतं. बाभळीची पाचर दगडासारखी जड असते, आणि बारा वर्षं होडीच्या पोटात राहिलेली तर कोळशासारखी काळी पडेल. इथं शेंबडं पोरगंसुद्धा डोळे मिटून सांगेल बाभूळ कोणती आणि साग कोणता. तू मुंबईला गेलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. बाभूळ विसरलास, का मला ओळखू येणार नाही असं वाटलं? दोन्हीतलं कोणतं खरं असलं तरी मला सारखंच लागतं.

मग मी सगळी पत्रं पुढं घेऊन बसलो. नवी शिडं, नव्या तारा. अकरा अकरा. धनुष्यासारखी वाकणारी काठी. ओळ संपल्यावरही थरथरणारी तार. हे सगळं पोकळ काठीचं लक्षण. लाकडाची काठी मला एकतीस वर्षं कानानं माहीत, आणि मी हे वाचून गूळ वाटला. शाहीनच्या नावानं गूळ वाटला, जळबा. मिराबाई अजून विचारते, "तुमची होडी काय म्हणती?"

म्हणजे टिटवीला हरवायची विद्या मीच अंतर्देशीय पत्रावर लिहून तुला पाठवत होतो. पंधरा पैशांच्या निळ्या कागदावर. आणि त्या कागदावर तू दरवेळी लिहीत होतास, तुमची ओळ रोज म्हणतो.

तू माझ्याकडून हे ताण कसे काढून घेतलेस ते साहेबांना मी कळवलेलं नाही. कळवलं असतं तर शेडीत कुणी तुला उभं केलं नसतं, आणि मालनबाईचा मुलगा आहेस तू. पण एक विचारतो. टिटवीपाशी कोण आहे? तिच्या तारा कुणी बघतं का?

आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

तुला वाटेल मामा रागावला, आता काही सांगणार नाही. सांगणार आहे. ताण चुकला तर काठी मोडते आणि खाली तीन माणसं बसलेली असतात. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. आणि गुरुजींची ओळ मी खोट्या मापाला लावणार नाही, ती टिटवीची असो की शाहीनची.

नीट वाच. शाहीनची काठी पोकळ आहे, मधे पुढं पळते. म्हणून जोराचा वारा असला तर आधी खालच्या तारा आवळ. अर्ध्या ओळीवर. 'कुणी ताणिला' म्हणेपर्यंत थांबली पाहिजे. मग वरच्या. मागची तार सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा अर्ध्या ओळीपुढं ओढू नकोस. शीड चपटं करायचा मोह होईल, मागची तार आणखी ओढावीशी वाटेल. ओढू नकोस. खालच्या तारा सैल आणि मागची आवळलेली अशी पोकळ काठी कमरेत मोडते.

हे खरं आहे. यापुढं मला होडीबद्दल काही विचारू नकोस.

सोनाजी


मुंबई
ता. २१ फेब्रुवारी १९७४

ती. मामा,

जयभीम लिवायला बी हात धजत न्हाई, पण लिवतो.

व्हय, शाहीन. ऑक्टोबरपासून. शेठनं आवारातली खोली देतो म्हटलं, तळमजल्याची, नळ आत. सुनेला सातवा महिना होता. पण नुसत्या खोलीसाठी न्हाई मामा, खोटं लिवणार न्हाई. तुमी एकतीस वर्षं टिटवीच्या तारा ओढल्या. क्लबाच्या भिंतीवर टिटवीचे सहा फोटो हाईत. एका तरी फोटोत तुमी हाय का? साहेब हाय, साहेबाचे दोन दोस्त हाईत, कुत्रं बी हाय एकात. तुमी धक्क्यावर दोर धरून उभे, फोटोच्या भाईर. निघताना काय दिलं? घड्याळ. शेठ म्हणाला, चषक जिंकला तर जळबा फोटोत मधी उभा राहील. मला फोटोत यायचं होतं.

आता त्या दिवसाचं लिवतो. तुमचं पत्र माझ्याजवळ होतं. वारा जोराचा सुटला. मी पत्र चार वेळा वाचलं. खालच्या तारा आधी, मागची शेवटी, अर्ध्या ओळीपुढं न्हाई. आन माझ्या मनात आलं, मामानं उलटं लिवलं असंल. मी एवढा दगा केला, कोण खरं सांगंल? मी असतो तर सांगितलं नसतं. म्हणून मी तुमच्या उलट केलं. खालच्या तारा पूर्ण ओळीवर सैल सोडल्या, मागची आवळली, आणखी आवळली.

पयल्या दोन फेऱ्या शाहीन सगळ्यांच्या म्होरं होती. तिसऱ्या फेरीत वळली आन काठी मधी पुढं गेली, धनुष्यावानी, आन मग कमरेत मोडली. तुमी लिवलं तश्शी. बंदुकीवानी आवाज झाला. शेठच्या खांद्याला चाटून पाण्यात पडली. कुणी मेलं न्हाई. खांदा बांधलाय.

टिटवी दुसरी आली. सातव्यांदा. मी नंतर जाऊन बघितलं, पेचांना तुमचं लाल सूत तसंच होतं. जूनपासून कुणी हात लावला नव्हता. डावीकडं दोन आटे जास्त. जुनं शीड, साहेबाचा हात थरथरतो, तरी दुसरी. माझ्या जागी तिथं कुणी बी असतं तर पयली आली असती. साहेब धक्क्यावर मला म्हणाले, "सोनाजी को लिखना, बोट अब बेच दी." अलिबागच्या कुणाला दिली.

खोली मिळाली न्हाई. शेडीत बी मला कुणी काठीपाशी उभं करून न्हाई राहिलं. रंधा मारतो, तेवढंच.

मामा, एकच मागतो. आईला यातलं काही सांगू नका. तुमी माझं पत्र उघडाल का न्हाई म्हणून हे आईच्या पत्त्यावर टाकून राहिलो. ती घेऊन येईल तुमच्याकडं, वाच म्हणंल. तिला बरं हाय म्हणून वाचा.

जळबा


सेनगाव
१० मार्च १९७४

जळबा,

फोटोचं लिहिलंस. तुला वाटलं असेल मामाच्या ते कधी ध्यानातच आलं नाही. दरवेळी फोटो लागला की मी सगळ्यांच्या आधी जाऊन बघायचो. एकसष्टच्या फोटोत उजव्या कडेला माझ्या हातातला दोर आलाय, हात नाही आला. फोटोत यायचं मलाही होतं. गुरुजींच्या शाळेतही आत बसायचं होतं. पण आत बसायला मिळालं नाही म्हणून मी ओट्यावरून कधी ओळ चुकीची पाठ केली नाही. तेवढंच माझ्या हातात होतं, तेवढं मी केलं.

तू टिटवी सोडलीस, ते मी समजून घेईन. वेळ लागेल, पण घेईन. खोली, नळ, सातवा महिना, मला कळतं. मी दोर धरून आयुष्य काढलं म्हणून तूही काढावंस असं कुठं लिहिलेलं नाही. मला सरळ लिहायचं होतंस, मामा, मी दुसऱ्या काठीला हात लावलाय. मी चार दिवस जेवलो नसतो आणि पाचव्या दिवशी तुला ताण सांगितला असता.

पण तू माझं पत्र चार वेळा वाचलंस आणि तुला वाटलं, मामानं खोटं माप लिहिलं असेल. तीन माणसांच्या डोक्यावर काठी यावी म्हणून. एकोणीस वर्षं तू माझ्या शेजारी उभा होतास, जळबा. त्या एकोणीस वर्षांत मी एकदा तरी तार खोटी लावलेली तू पाहिलीस का? 'मी असतो तर सांगितलं नसतं', लिहिलंस. मग माझ्या शेजारी उभा राहून तू काय शिकलास? आटे मोजायला?

काठी मोडली ते वाईट झालं. शेठचा खांदा बरा होऊ दे.

टिटवी अलिबागला गेली हे बरं. तिथं खाऱ्या पाण्यात तरी राहील. येलदरीचं मनातून काढून टाकलं. बाभळीची पाचर तिच्या पोटात आहे, ती तिथंच राहू दे. तू पाठवलेली सागाची मी पद्मीच्या दाराला लावलीय, वाऱ्यानं दार आपटतं म्हणून. कामाला येते.

ती ओळ म्हणू नकोस म्हणून मी तुला सांगणार नाही. दिलेलं परत मागत नसतात. म्हणताना तुझं तुलाच काय वाटायचं ते वाटू दे.

काल मालनबाई आली. एस.टी. नाक्यावरच भरली होती, कनेरगावपासून उभी राहून आली. पाय धुतले नाहीत, पाणी प्याली नाही, कमरेच्या पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि म्हणाली, "वाच की रे सोना, लेकराचं काय लिवलंय?" पद्मी चुलीपाशी, मिराबाई कुंपणावर कान लावून. मी चष्मा पुसला. पत्र उघडून डोळ्यांसमोर धरलं, आधी मनातल्या मनात वाचून काढलं.

मग मोठ्यानं वाचलं, ती. मामास आणि आईस जयभीम. बाळ बाळसं धरून राहिलं. मोठी शर्यत झाली. टिटवी दुसरी आली, पण माझं काम बघून साहेबांनी पाठीवर हात ठेवला. फोटो काढला, त्यात मी मधे उभा हाय. लवकरच तळमजल्याची खोली मिळंल.

मालनबाई म्हणाली, "मधी? खरंच?"

मी म्हटलं, "व्हय. लिवलंय ना इथं."

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, त्या निळ्या कागदावरून बोट फिरवलं, आणि जिथं तू काठी मोडली म्हणून लिहिलंस बरोब्बर तिथं बोट ठेवून विचारलं, "हे फोटोचं हितं लिवलंय का?" मी मान हलवली. तिनं त्या जागेला बोट लावून ते कपाळाला लावलं.

तुला वाटलं होतं मामा खोटं लिहील. एकतीस वर्षं तारांना आणि आयुष्यभर कागदाला मी खोटं लावलं नाही, जळबा. काल खोटं वाचलं.

सोनाजी